लांब पट्टा, आखूड पट्टा

वेल्ह्याच्या कचेरीतले अव्वल कारकून साहेबराव ओव्हाळ यांना भुताची भीती वाटत नसे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर त्यांनी देव, भूत, नवस, अंगारा, मांजर आडवं जाणं हे सगळं एका दिवसात सोडलं आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. घोटाळा इतकाच झाला की हे सगळं सुटलं तरी भीती तेवढी मागं राहिली. पूर्वी ती मांजरात, भुतात, साडेसातीत वाटली जाई. आता सगळीच्या सगळी खऱ्या वस्तूंच्या वाट्याला आली, आणि खऱ्या वस्तू भुतांपेक्षा फारच जास्त असतात. विजेचं बटण, शिडी, स्टोव्ह, विहिरीचा काठ, न उकळलेलं पाणी, एस.टी.चा मागचा दरवाजा. बाकीच्या लोकांना निदान अंगाऱ्याचा तरी आधार होता. साहेबरावांना एकेका गोष्टीचा बंदोबस्त स्वतः करावा लागे.

असा माणूस मोटारगाडी घेईल असं कुणी म्हटलं असतं तर भोरातली कुत्रीसुद्धा हसली असती. पण चौऱ्याहत्तर सालच्या माघात हिर्डोशीहून जावयाचं पत्र आलं. अंजनाला सहावा लागला होता. अंजना ही साहेबरावांची एकुलती एक लेक, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. सातव्यात तिला भोरला आणायचं. आता हिर्डोशी म्हणजे काही लंका नव्हे. पण वरंध्याच्या वाटेवरचं डोंगरातलं गाव, दिवसाला एक एस.टी., तीही आली तर आली, आणि मध्येच बिघडून उभी राहिली की पुढचं अंतर पायी. पोटुशी पोर डोक्यावर पदर घेऊन रणरणत्या रस्त्यानं चाललीय, हे चित्र साहेबरावांना भर कचेरीत सातबाऱ्याच्या उताऱ्यावर दिसू लागलं. त्यांचं जेवण तुटलं. चौथ्या दिवशी त्यांनी भोरातल्या एका वारलेल्या डॉक्टरांची, सहा वर्षं गोठ्यात उभी असलेली, अठ्ठेचाळीस सालची विलायती गाडी विकत घेतली. एका भीतीतून सुटायला माणूस दुसऱ्या भीतीच्या घरात शिरतो तो असा.

गाडी चालवायला शिकवलं शेजारच्या आनंदरावांनी. आनंदरावांनी सव्वीस वर्षं एस.टी. हाकली होती आणि त्या सव्वीस वर्षांत माणूस तर सोडाच, कोंबडीसुद्धा मारली नव्हती, हे ते कुणी न विचारता सांगत. साहेबराव पंधरवड्यात शिकले. म्हणजे गाडी सुरू करायला आणि थांबवायला शिकले. मधला भाग ते नाइलाजानं करत. सोमवारी पहाटे भोरहून निघून ते वेल्ह्याला जात आणि शनिवारी परत येत. वाटेत सायकलवाले त्यांना मागं टाकत, आणि ओळखीचे असले तर मागं टाकताना हँडलवरचा एक हात सोडून रामराम, जयभीम जे असेल ते करत. साहेबराव उलट काही करत नसत. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर हवेत असा त्यांचा नियम होता.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. पण धरणाच्या कामावरचा एक इंजिनिअर कचेरीत आला आणि जाताना एक विलायती मासिक टेबलावर विसरून गेला. साहेबरावांनी ते चाळलं. त्यात एका पानावर दोन चित्रं होती. पहिल्या चित्रात एक मोटार भिंतीवर आदळली होती आणि आत बसवलेली लाकडी बाहुली पुढची काच फोडून बाहेर आली होती. दुसऱ्या चित्रात तीच मोटार, तीच भिंत, पण बाहुलीला पट्टा बांधलेला, आणि ती फोटोला बसल्यासारखी जागच्या जागी. साहेबरावांनी मासिक मिटलं, पाणी प्यायलं, आणि ते पुन्हा उघडलं. पहिल्या चित्रातली बाहुली आता अंजनासारखी दिसत होती.

त्या रविवारी ते पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन दोन पट्टे घेऊन आले. दोन निरनिराळ्या परदेशी गाड्यांचे; एक लांब, एक आखूड. एकेका पट्ट्याचे दोन पदर: एक खांद्यावरून छातीवर येणारा, एक कमरेवरून जाणारा, आणि बक्कल एकच. घरी आल्याबरोबर त्यांनी मापं घेतली. साहेबरावांचं पोट त्यांच्या हुद्द्याला शोभेल असं होतं, तेव्हा लांब पट्टा त्यांचा. आखूड पट्टा कमळाबाईंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, अगदी शिवल्यासारखा बसला. अंजना आईसारखीच काडी, म्हणून तो अंजनाचा. या मापात एक चूक होती. ती अडीच महिने कुणाच्याच ध्यानात आली नाही, आणि साहेबराव सोडून कुणाच्या ध्यानात यायचं कारणही नव्हतं.

भोरच्या मेस्त्रीनं गाडीच्या तळाला आणि दारामागच्या खांबाला भोकं पाडली, बोल्ट आवळले आणि झालं म्हणाला. साहेबरावांनी विचारलं, ताण किती सोसेल? मेस्त्रीनं विचारलं, बसणार कोण, माणूस का हत्ती? साहेबरावांनी मासिक पुढं केलं. त्यात लिहिलं होतं की टक्कर झाली की माणसाचं वजन वीस-तीस पट होतं. मेस्त्री म्हणाला की असं वजन विलायतेत होत असेल, आपल्याकडं तेवढं खायला कुठं मिळतं. साहेबरावांनी हसून घेतलं आणि घरी येऊन हिशेब केला. अंजनाचं वजन तीस पट धरून उत्तर दीड हजार किलोच्या घरात आलं.

दीड हजार किलोचा ताण भोरात कुठं मिळणार? हा प्रश्न पारावर निघाला आणि गेनबानं तो सोडवला. गेनबाचं घर साहेबरावांच्या मागच्या अंगाला, आणि त्याची खिलारी बैलजोडी पंचक्रोशीत नावाजलेली. "भरला गाडा चिखलातनं काढत्यात माजी बैलं," तो म्हणाला. "तुमचा पट्टा काय घिऊन बसलाय भाऊसाहेब."

रविवारी सकाळी गेनबाच्या खळ्यात गाडी उभी केली. चाकांखाली दगड लावले, हातब्रेक ओढला. अंजनाच्या बाजूच्या पट्ट्याला सोल, म्हणजे मोटेचा जाड दोर, बांधला, सोल पुढच्या काचेच्या उघड्या झडपेतून बाहेर काढून जुवाला अडकवला. अर्धं भोर जमलं होतं. आनंदराव उंच जागा बघून सूचना देत होते. गेनबानं बैलांना नुसतं नावानं पुकारलं. बैल एक पाऊल गेले, दुसरं गेले, आणि गाडीतून असा आवाज झाला की बैलच दचकून थांबले. साहेबरावांनी दार उघडून पाहिलं. पट्टा शाबूत होता. बक्कल शाबूत होतं. बोल्टही शाबूत होता. फक्त तो बोल्ट ज्यात बसवला होता तो गाडीचा तळच पत्र्यासकट उपटून वर आला होता, आणि त्याच्या जागी गेनबाच्या खळ्याची सारवलेली जमीन दिसत होती. त्या भगदाडाच्या काठावर डॉक्टरांची बावन्न साली हरवलेली चष्म्याची पेटी सापडली. ती त्यांच्या मुलानं येऊन नेली आणि डोळे पुसले.

बाकीचे लोक पोट धरून हसत होते. साहेबराव मात्र त्या भोकाकडं बघून गार पडले. एवढे दिवस ज्याच्यावर पाय ठेवून आपण गाडी हाकली तो तळ म्हणजे नुसता गंज होता, आणि वर चटई होती म्हणून कळलं नाही. ही गाडी तशीच हिर्डोशीला नेली असती तर? आनंदरावांनी पाठीवर हात ठेवून धीर दिला की तळ नसला तरी गाडी चालते, एस.टी.तही त्यांनी अशा पुष्कळ चालवल्या आहेत. साहेबरावांनी त्या दिवसापासून एस.टी.त बसणंही सोडलं.

वेल्ह्याला कचेरीच्या खाली कोंडिबा लोहाराचा भाता होता. साहेबराव तळ नसलेली गाडी वेल्ह्यापर्यंत घेऊन गेले, कारण दुसरा इलाज नव्हता. पायाखाली रस्ता मागं पळताना दिसे, म्हणून त्यांनी खाली न बघण्याचा निश्चय केला; मग समोर धूळ दिसे, म्हणून अधूनमधून डोळे मिटत. कोंडिबा आडदांड, कमी बोलणारा म्हातारा होता. त्यानं गाडीखाली आडवं होऊन बराच वेळ बघितलं. मग बाहेर येऊन विडी पेटवली.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "बैल दाव्याला बांधायचा. दावं खुट्याला बांधायचं. आन् खुटा भुईत ठोकायचा. तुमी दावं झ्याक आणलंय. खुटाबी बरा हाय. पर तुमच्या गाडीला भुईच न्हाई."

साहेबरावांना हे इतकं पटलं की त्यांनी ते खिशातल्या वहीत उतरून घेतलं. विलायती मासिकात चार पानं जे सांगितलं होतं ते या माणसानं एका विडीत सांगितलं. कोंडिबानं बैलगाडीच्या चाकावर चढवतात ती जुनी लोखंडी धाव घेतली, तापवून सरळ केली, तिच्या पट्ट्या पाडून त्या गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला खालून जखडल्या. खांबाच्या आतही एक पट्टी घातली. वर नवा पत्रा मारला. तीन आठवडे गेले, कारण कोंडिबा घाई करणारा नव्हता आणि साहेबराव त्याला घाई करू देणारे नव्हते. मग पुन्हा गेनबाचं खळं, पुन्हा बैल. या खेपेला साहेबराव स्वतः ब्रेकवर पाय ठेवून गाडीत बसले. गेनबानं बैलांना पुकारलं. पट्टा ताणला, बोल्ट ताणले, आणि काहीच तुटेना. तेव्हा चाकाखालचे दगड उडाले आणि अख्खी गाडी साहेबरावांसकट बैलांच्या मागं निघाली. खळं संपलं, बांध संपला, तरी बैल थांबेनात; त्यांची वैरणीची वेळ झाली होती. गाडी थेट गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. साहेबरावांना उतरवून पाणी पाजावं लागलं. पण पट्टा सुटला नव्हता. त्यांनी वहीत लिहिलं: खुटा भुईत आहे.

एवढ्यात सातवा सरत आला होता. अजून थोडा वेळ होता. पण साहेबराव पडले कारकून. गाडीत फेरफार केला की तो सरकारदरबारी कळवावा लागतो असं त्यांना पक्कं वाटत होतं, आणि न कळवता गाडी चालवली तर काय होईल याची त्यांना एक नवीन, ताजी भीती वाटू लागली. त्यांनी स्वतः होऊन पुण्याच्या एका कचेरीला अर्ज लिहिला. कुणी मागितला नव्हता. तिकडच्या कारकुनानंही जन्मात असा अर्ज बघितला नसावा, कारण उत्तरात तीन शंका आल्या. सदर पट्ट्यामुळे गाडीची आसनसंख्या वाढते काय? पट्टा गाडीच्या मालकीचा की बांधून घेणाऱ्याच्या? आणि बांधल्या जाणाऱ्या इसमाची लेखी संमती घेतली आहे काय? दुसरा कुणी असता तर संतापला असता. साहेबरावांना त्या शंका मनापासून आवडल्या. तिसरी तर आपल्याला कशी सुचली नाही याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांनी तीन प्रतींत खुलासा पाठवला आणि उत्तराची वाट बघत बसले.

कमळाबाईंचा तोल तेव्हा सुटला. त्या फारशा बोलणाऱ्या नव्हत्या. नवऱ्याच्या भीतीला त्या घरातल्या दम्यासारखं धरून चालत. पण त्या दिवशी त्यांनी भाकरी परातीत तशीच सोडली.

"आवं, पोर पोटात तुमच्या कागदाची वाट बघत थांबणार हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "सातवा सरला. आता आठव्यात कोण हलवंल तिला? तुमी तिला सांभाळायला निघालाव, आन् सांभाळण्यातच तिचे दिस भरत आले."

साहेबरावांनी मान खाली घातली. आठव्यात बाईनं प्रवास करू नये यावर त्यांचा विश्वास नव्हता. तो त्यांनी छप्पन सालीच सोडला होता. पण विश्वास सोडणं वेगळं आणि पोटच्या पोरीला आठव्यात गाडीत घालणं वेगळं. ते म्हणाले, नववा लागू दे. म्हणताना त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

मधल्या दिवसांत सराव म्हणून ते कमळाबाईंना पट्टा बांधून नसरापूरपर्यंत फिरवून आणत. याचा व्हायचा तो बोभाटा झाला. कामथडीच्या रस्त्यावर कुणीतरी बघितलं, आणि साहेबराव कारकून बायकोला करकचून बांधून गाडीतून फिरवतो अशी बातमी तिच्या माहेरी पोचली. तिसऱ्या दिवशी कामथडीहून कमळाबाईंचे थोरले भाऊ सोपानराव, बरोबर भावकीतले दोघं घेऊन दारात हजर. त्यांनी चहा घेतला नाही. बहिणीला आत बोलावून विचारलं की काय आहे ते खरं सांग, माहेर अजून जितं आहे. कमळाबाईंनी त्यांना बाहेर आणलं, गाडीत बसवलं, पट्टा बांधला आणि बक्कल कसं उघडायचं ते न सांगता आत स्वयंपाकाला गेल्या. सोपानराव पाऊण तास तिथं बसून होते. सुटल्यावर त्यांनी चहा घेतला आणि गाडीबद्दल एक शब्द काढला नाही.

ही गोष्ट आनंदरावांना कळली आणि त्यांनी साहेबरावांना बाजूला घेतलं. बक्कल सोपानरावांना उघडता आलं नाही, हे आनंदरावांनी बरोबर हेरलं होतं. हिर्डोशीची वाट नीरेच्या कडेनं जाते. समजा गाडी डोहात गेली, आणि बक्कल उघडलं नाही, तर बांधलेला माणूस करणार काय?  वैशाखात नीरेला ढोपरभर पाणी असतं हे साहेबरावांना माहीत होतं. पण ढोपरभर पाणीही बसलेल्या माणसाच्या गळ्यापर्यंत येतं, हेही त्यांनी मनातल्या मनात मोजून पाहिलं. शेवटी आनंदरावांच्याच सल्ल्यानं कोंडिबाकडून एक कोयता धार लावून आणला. बुडायची वेळ आली तर कमळाबाईंनी मागच्या सीटवरून पट्टे कापायचे, असं ठरलं. कमळाबाई कोयत्याकडं बघून म्हणाल्या की बुडायची वेळ नाही आली तरी कापायची येईल. साहेबरावांना यात चेष्टा दिसली नाही.

नववा लागून दहा दिवस झाले. पुण्याच्या कचेरीचं उत्तर आलं नव्हतं, ते पुढंही कधी आलं नाही. आकाशात दुपारचे ढग जमायला लागले होते आणि एकदा पाऊस लागला की तो रस्ता गेलाच. तेव्हा एका बुधवारी सकाळी साहेबराव निघाले. मागच्या सीटवर कमळाबाई, त्यांच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला कोयता. वाटेत भेटलेल्या लोकांनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की लेकीला आणायला चाललोय. लोकांनी कोयत्याकडं बघून रस्ता मोकळा केला.

जावई शिक्षकांच्या शिबिराला गेलेले होते. अंजनाची तयारी करून दिली होती तिच्या चुलतसासूनं, धोंडाबाईनं. धोंडाबाई हिर्डोशीची सुईण. दाराशी गाडी थांबली आणि अंजना बाहेर आली. साहेबरावांनी तिला संक्रांतीनंतर पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढं तीच काडी होती, आईच्या मापाची. आणि समोरून एका हातानं कंबर धरून, हळूहळू पाय टाकत, भलंमोठं पोट घेऊन एक बाई हसत येत होती.

आखूड पट्टा तिच्या पोटाच्या अलीकडंच संपला.

साहेबरावांनी तो ओढून पाहिला, ढिला करून पाहिला, अंजनाला मागं रेलायला सांगून पाहिलं. चांगलं वीतभर अंतर राहिलं. गाव गोळा झालं होतं. तीन महिने, दोन बैल, एक लोहार, एक बैलगाडीची धाव, तीन प्रतींतला खुलासा. आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तिलाच तो पट्टा पुरत नव्हता. सातव्यात आणली असती तर पुरला असता. आपल्याच भीतीनं पोरीला इथं आणून सोडलं, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं आणि त्यांचे डोळे भरून आले. अंजना म्हणाली, असू द्या दादा, तशीच बसते मी. सगळं जग तसंच बसतं.

 साहेबरावांनी डिकीतून पाना काढला. आपल्या बाजूचे तीन बोल्ट सोडवले, तिच्या बाजूचे तीन सोडवले, आणि लांब पट्टा तिकडं, आखूड इकडं बसवला. हिर्डोशीचे लोक अव्वल कारकुनाला गाडीखाली आडवं झालेलं बघत होते. लांब पट्टा पुरला. पण आता तो पोटावरून कसा घ्यायचा यावर साहेबरावांचे हात थांबले. मासिकातल्या बाहुलीला पोट नव्हतं.

धोंडाबाईनं त्यांना बाजूला सारलं. "पोटावर कुणी आवळतं का येड्यावानी," ती म्हणाली. "खालला पदर पोटाच्या खालनं, मांड्यांच्या हाडावर. आन् वरला छातीच्या मधनं, पोटाच्या कडंनं. पोर मोकळं ऱ्हायला पायजे." तिनं तसा बांधला, दोन बोटं आत घालून बघितली, आणि मग भोरला बाजार करायचाय म्हणून स्वतःच मागं चढून बसली.

साहेबराव चाकामागं बसले. आखूड पट्टा त्यांच्या पोटाच्या निम्म्यावर येऊन थांबला. त्यांनी तो नुसताच मांडीवर पसरून ठेवला आणि वर धोतराचा सोगा ओढला.

"दादा, तुमचा बसला का?" अंजनानं विचारलं.

"बसला," साहेबराव म्हणाले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एवढं साफ खोटं कधी सांगितलं नव्हतं.

उताराला गाडी लागली. साहेबरावांना भीती वाटत होती, पण ती नेहमीची नव्हती. नेहमीच्या भीतीत ते स्वतः असत. हात, पाय, छाती, डोकं, एकेकाची वेगळी. आज ती सगळी डाव्या बाजूला, त्या लांब पट्ट्याखाली जाऊन बसली होती. आपण मोकळे बसलोय हे ते विसरूनच गेले. दरीच्या काठानं दोन वळणं गेली, तिसरं गेलं. चौथ्या वळणावर समोर रस्ताभर म्हशी होत्या. दहा-बारा, पाण्यावर निघालेल्या, आणि गुराखी कुठंच नाही.

त्यांनी दोन्ही पाय ब्रेकवर घातले. गाडी किंचाळत, घसरत, पहिल्या म्हशीच्या शिंगापासून हातभर अंतरावर थांबली. साहेबराव चाकावर छातीनं आणि काचेवर कपाळानं आदळले. चष्मा गेला. कपाळावरून काहीतरी ऊन ऊन डोळ्यात उतरू लागलं. मग सगळं गप्प झालं. म्हशी तेवढ्या सावकाश बाजूनं जात होत्या.

डावीकडं बघायचं होतं. नुसती मान वळवायची होती. साहेबरावांची मान वळेना. आयुष्यभर ज्या ज्या गोष्टींना ते भ्यायले त्या सगळ्या एकत्र केल्या तरी या एका वीतभर मान वळवण्याएवढ्या नव्हत्या. ते चाकाला धरून तसेच बसले. आवाज आला तर बरं, असं त्यांना वाटलं. आणि आवाज येऊच नये, असंही वाटलं.

"दादा," अंजना म्हणाली. "तुमचा पट्टा कुठंय?"

साहेबराव रडले. म्हशींच्या देखत, लहान पोरासारखे रडले. अंजना जागच्या जागी होती. पदर सरकलेला नव्हता, हातातल्या बांगड्या शाबूत होत्या. मागून सीटच्या फटीत अडकलेल्या धोंडाबाईनं हात पुढं घालून तिच्या पोटावर ठेवला, जरा थांबली, आणि म्हणाली, "हाय. लाथा घालतंय. रागावलंय."

कमळाबाईंना दोन खरचटे होते. त्यांच्या मांडीवरचा कोयता मात्र मांडीवर नव्हता. तो साहेबरावांच्या सीटच्या पाठीत टोकापासून मुठीपर्यंत रुतून बसला होता. पाठ टेकायची जागा होती नेमकी तिथं. कमळाबाईंनी तो दोन्ही हातांनी उपटला आणि दरीत भिरकावून दिला.

भोरच्या दवाखान्यात साहेबरावांच्या कपाळाला सात टाके पडले. आनंदराव भेटायला आले, सीट बघून आले, आणि खाटेजवळ बसून समाधानानं म्हणाले की पट्टा बांधला असता तर साहेबराव मागंच राहिले असते आणि कोयता पाठीत गेला असता; तेव्हा मोकळं बसतो तोच वाचतो, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं म्हणणं खरं ठरलं. साहेबरावांनी त्यांना विचारलं नाही की कोयता आणायला कुणी सांगितलं होतं. त्यांचं कपाळ दुखत होतं.

अकराव्या दिवशी अंजनाला मुलगी झाली. बारशाला हिर्डोशी, कामथडी, वेल्हे सगळीकडून माणसं आली. कोंडिबा आला, सोपानराव आले, जावई आले; आनंदराव आणि गेनबा तर शेजारचेच. मधल्या खोलीत पाळणा सजवला होता. बायकांनी पाळण्याचं गाणं धरायला घसे साफ केले. अंजना बाळ पाळण्यात ठेवायला वाकली, आणि तेवढ्यात तिला बापाचा चेहरा दिसला. कपाळावर टाक्यांची खूण घेऊन साहेबराव वर बघत होते. पाळण्याकडं नाही, पाळण्याची साखळी जिथं अडकवली होती त्या कडीकडं.

"ही कडी कशात बसवलीय?" त्यांनी हळूच विचारलं.

कुणीतरी म्हणालं, तुळईत.

"आणि तुळई?"

खोलीतले सगळे एकमेकांकडं बघू लागले. आनंदराव काहीतरी सांगायला तोंड उघडत होते. सोपानरावांनी त्यांचा हात दाबला. कमळाबाईंनी कपाळाला हात लावला. जावयाला काही कळलं नाही. भिंतीला टेकलेला कोंडिबा तेवढा मान हलवत होता, कारण प्रश्न बरोबर होता.

अंजना सरळ झाली. तिनं पाळण्यात ठेवायला धरलेलं बाळ पुन्हा छातीशी घेतलं आणि पाळण्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली. बायकांना तिनं खुणेनं थांबायला सांगितलं.

"गेनबाकाका," ती म्हणाली, "बैलं रिकामी हायती का?"

 गेनबा उठला आणि दाराशी जाऊन पायात वहाणा घालू लागला.